मंत्राचं कार्ड

खंडाळ्याच्या बंगल्यात हॉलची फरशी पुसता पुसता सावित्राबाईंना सोफ्याखाली एक कार्ड सापडलं. चित्र मोठं झकास होतं. एक दाढीवाला मांत्रिक हात वर करून उभा, आणि त्याच्या पायाशी डोंगरउतारावरचं हिरवंगार शिवार. मांत्रिकाचं त्यांना काही नवल वाटलं नाही, पण शिवारावरून नजर हटेना.

"मावशी! सकाळपासून हेच शोधतेय मी." मालकांची कॉलेजातली नात व्हरांड्यातून धावत आली. "आमच्या गेममधलं सगळ्यात भारी कार्ड आहे हे. हा मंत्र टाकला, की समोरच्याची जमीन आपली होते."

"आन् त्यो न्हाई म्हणला तर?"

"म्हणताच येत नाही, मावशी. नियमच आहे तसा." एवढ्यात तिचं लक्ष सावित्राबाईंच्या ओल्या हाताकडे गेलं आणि तिचा जीव वरखाली झाला. "अहो, कडेनं धरा ना! अंगठा उमटला तर कार्ड कामातून जाईल."

सावित्राबाईंनी हात पदराला पुसला आणि कार्ड दोन बोटांत अलगद धरून तिच्या ओंजळीत ठेवलं.

"घाबरू नका, ताई. आमच्या घरात अंगठा येकदाच उमटला. माज्या सासऱ्यांचा, तुमच्या आजोबांच्या कागदावर. तवा ह्या हॉलच्या जागी आमची नाचणी उभी हुती."

मग बादली सरकवून त्या पुढची फरशी पुसायला लागल्या, बांध होता तिथपासून.