मागावरची पैठणी

येवल्यात गारपिटीचा इशारा आला, तसा अनवरीनं आधी माग झाकला. नामपूरच्या मल्हारीआप्पांनी लेकीच्या लग्नासाठी सांगितलेली पैठणी उतरायलाच आली होती, आणि वरचा पत्रा जुनाट. मागावर ताडपत्री आणि तिच्यावर घरातल्या होत्या-नव्हत्या तेवढ्या गाद्या, गोधड्या चढल्या. पोरांच्या वाट्याला पलंगाखालची जागा आणि डोक्यावर धरायला पातेली आली.

गारांनी पत्र्याची पार चाळण केली. नवऱ्याचं, रिझवानचं कपाळ फुटलं, घरात घोटाभर पाणी झालं. पण पैठणीला थेंब शिवला नाही. "या अल्ला, वाचलो," म्हणत अनवरी भिजक्या गोधड्या उचलू लागली, तोच रिझवानचा फोन वाजला.

"रिझवानभाऊ," स्पीकरवर आप्पांचा आवाज खोल गेलेला, "आमच्याकडं बी लय गारा झाल्या. उभा कांदा गेला. राखीचं लग्न आता घरातल्या घरात उरकू म्हणतो. तेवढी पैठणी दुसऱ्या कुणाला देऊन टाका."

अनवरीनं ताडपत्री बाजूला सारली.

पदरावर दोन मोरांच्या मधोमध, आप्पांनीच हौसेनं विणून घेतलेलं जरीचं नाव लखलखत होतं. राखी.