सहीची जागा

"नाव? बापाचं नाव? मुक्काम?"

सुधाकररावांनी विचारलं आणि आदिलाबादच्या शाळेचा हॉल खो खो हसला. तीस वर्षं कचेरीत लोकांची बयानं लिहिलेला माणूस, तो मुलाखत आणखी कशी घेणार? मागच्या प्रदर्शनात लोक चित्रं पाहून मुकाट चहाकडे वळले होते. म्हणून यंदा चित्रकारालाच लोकांसमोर बोलतं करायचं ठरलं, आणि ते काम सुधाकररावांच्या गळ्यात पडलं. त्यांना चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. चारचौघांत फजिती होऊ नये, एवढीच त्यांची धडपड.

चित्रकार खुशाल भीमपूरकडचा, हैदराबादेत शिकलेला. त्याच्यामागे भिंतभर पांढरं कापड होतं आणि त्यावर जांभळ्या शाईचे शेकडो अंगठे.

"हे काय आहे?"

"अंगठे."

"ते तं आमाले बी दिसून राह्यले!"

पुन्हा हशा. पण लोक खुर्च्या पुढे ओढू लागले, कापडाकडे नीट बघू लागले. सुधाकररावांना चेव आला.

"कोणाचे?"

"माह्या मायचे. सारे तिचेच."

"अंगठाछाप आहे?"

"नव्हती, साहेब. साक्षरतेच्या वर्गात वर्षभर पाटी घासून सही शिकली होती. माह्या दाखल्यासाठी कचेरीत पयल्यांदा सही करणार होती. पयलं अक्षर काढलं, तं कारकून म्हणे, बाई, मांगं लाइन आहे, अंगठा लाव. अन् हात धरून दाबला. बारा साल झाले. तवापासून अंगठाच."

"कोण होता तो कारकून?" सुधाकररावांनी सवयीनं विचारून टाकलं.

"तुमी."

सुधाकररावांनी डोक्याला खूप ताण दिला, पण ती बाई काही आठवेना. त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. रांगेतल्या किती जणींचे हात त्यांनी असे धरले होते, देव जाणे.

खुशालनं पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं. तिथं त्याची माय, चंद्रभागाबाई, बसली होती. सुधाकरराव मंचावरून उतरले. अभिप्रायाची वही त्यांनी तिच्यापुढे उघडली, खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं.

"चुकलं माहं, बाई," ते म्हणाले. "आज मांगं लाइन नाही. सावकाश सही करा."

चंद्रभागाबाईनं पेन उलटसुलट करून पाहिलं. कागदावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग ते परत दिलं, अंगठा पदराला पुसला आणि त्यांच्यापुढे धरला.