विरजण

"तिला हात लावायचा नाही!" फिल्यो बायकोच्या खाटेपुढं आडवा उभा राहिला. साठ वर्षं रोडोपच्या डोंगरात मेंढ्यांमागं फिरलेला म्हातारा, पण हट्ट मात्र बोकडाचा.

गिन्काच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन एकच दिवस झाला होता. तिला चालवायला आलेली नर्स नेव्हेना वॉकर धरून ताटकळली होती. फिल्योनं घरून आणलेलं लोकरीचं कांबळं बायकोच्या पायांभोवती घट्ट खोचलं होतं.

"काका, ऑपरेशन झालं की रक्त गोठवणारी प्रथिनं जोर धरतात," नेव्हेना म्हणाली. "जखमेला ती हवीच. पण पाय निपचित पडला, तर तिथंही गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात गेली की माणूस हातचा जातो. इंजेक्शन देतोच आम्ही, पण चालायलाही हवं."

"मला नको शिकवूस, पोरी. माझा भाऊ स्तोयको असाच ऑपरेशननंतर उठला. दोन पावलं टाकली आणि कोसळला, तो गेलाच."

"किती दिवस पडून होते?"

"नऊ. मी त्याला कूससुद्धा बदलू दिली नाही."

हे तो छाती काढून बोलला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं होतं त्याचं. गिन्का गेली तर घरात बोलायलाही कुणी उरणार नव्हतं.

गिन्का इतका वेळ छताकडं बघत होती. "फिल्यो, आपण दही कसं लावतो?"

"हे काय मध्येच?"

"सांग तर."

"कोमट दुधात विरजण घालायचं, भांडं कांबळ्यात गुंडाळायचं, आणि..." तो अडखळला.

"आणि?"

"हलवायचं नाही."

"मग माझ्या पायाचं काय चालवलंयस?"

फिल्योचा चेहरा उतरला. त्यानं वाकून कांबळं सोडवलं आणि बाजूच्या खुर्चीवर टाकलं.

नेव्हेनानं आधार दिला. गिन्का उठली, कळ आली तशी नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत दारापर्यंत गेली, व्हरांड्यात आली. फिल्यो शेजारून चालत होता. मध्येच तो थांबला. "गिन्का, स्तोयको उठतो उठतो म्हणत होता गं. मीच त्याला दाबून ठेवला." आणि तो हुंदके देऊन रडू लागला.

गिन्कानं मागं पाहिलं नाही. वॉकर पुढं सरकवत ती म्हणाली, "रड, बाबा, रड. पण चालत चालत रड."