गॅलरीतली दोरी

सासऱ्यांच्या कपड्यांच्या कुबट वासाने सून अगदी मेटाकुटीला आली होती. सोडा झाला, व्हिनेगर झालं, महागातलं सुगंधी लिक्विड झालं, पण वास काही हटेना. पाहुणे यायचे असले की ती म्हणायची, "बाबा, तुम्ही जरा आतच बसा हं." बाबा आतल्या खोलीत जाऊन बसायचे. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि त्यांचे कपडेही तिथेच, पलंगाच्या वर बांधलेल्या दोरीवर वाळायचे. गॅलरी रस्त्यावरून दिसते, तिथे म्हाताऱ्याची विरलेली बनियनं लोंबकळताना बरी दिसत नाहीत, हा दंडक तिचाच. पुढे बाबांना खोकला लागला, तो छातीत उतरला. "वयाला औषध नसतं हो," ती शेजारणीला म्हणाली.

ते गेल्यावर कपडे कुणाला तरी देऊन टाकायचे ठरलं. असले वास मारणारे कसे द्यायचे, म्हणून तिने ते नुसत्या पाण्यातून काढले आणि गॅलरीत वाळत घातले.

संध्याकाळी त्यातला एक शर्ट तिने नाकाशी धरला, मग दुसरा, मग तिसरा.



एका दिवसाच्या उन्हात वास पार गेला होता.