वखारीचा स्टॉप

सकाळचं कोवळं ऊन कोथरूडच्या बसमध्ये धुळकट काचांतून शिरलं, बाकांवरून सावकाश सरकलं आणि पुढे बसलेल्या प्रज्ञेशच्या गळ्यातल्या पासावर चमकत राहिलं. मागच्या बाकावर लपलेला त्याचा प्रशिक्षक शुभंकर श्वास रोखून पाहत होता. बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रज्ञेशला कार्यशाळेत एकट्यानं जाता यावं, म्हणून त्यानं शिकवलं होतं: लाकडाची वखार दिसली की उतरायचं. आज वखारच नव्हती. तिथे संगणक कंपनीच्या बांधकामाचे निळे पत्रे उभे होते. शुभंकर धास्तावून उठणार, तोच प्रज्ञेश दाराशी जाऊन थेट त्याच्याकडे बघत ओरडला, “दादा, उतरा की! वखार गेली, स्टॉप इथंच आहे!” सारी बस हसली. शुभंकरला आनंदानं नाचावंसं वाटलं. उतरताना मात्र त्याची पावलं जडावली. ‘अजून सोबत हवी,’ असं तो प्रज्ञेशच्या अहवालात तीन महिने लिहीत होता. सोबत त्याला स्वतःलाच हवी होती.