जर्मनची सायकल

रुखमाबाईंनी सायकलच्या दांड्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान जवळ नेला आणि निकाल देऊन टाकला, की हे तर जर्मन आहे.

दुकानदार अल्ताफ गडबडला. सायकल लुधियानाहून आली होती. शेवटी दिव्यानीनं त्याला समजावलं, की आमच्या सासूबाई अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, आंबट भाजी काळी पडते, हातून सुटला की पोचा येतो आणि लग्नात कुणी जर्मनचं भांडं आहेर केलं तर त्याची गावभर चर्चा होते. असल्या धातूवर बसून सून जंगलात जाणार, हे काही रुखमाबाईंच्या पचनी पडेना. त्यांनी शेजारची स्टीलची सायकल दाखवायला सांगितली.

दोन्ही सायकली तशा जुळ्या बहिणी. जाड टायर, पुढं शॉकअप, मागं काही नाही. मागच्या चाकानं काय पाप केलं, असं रुखमाबाईंनी विचारलं. अल्ताफ म्हणाला, या सायकलीला हार्डटेल म्हणतात, जंगलात हीच चालते. पुढच्याला गादी आणि मागच्यानं सोसायचं, ही रीत आपल्या घरासारखीच दिसते, असं म्हणून रुखमाबाई पुढं सरकल्या.

दिव्यानीचा जीव मात्र जर्मनवर जडला होता. ती ताडोबाच्या बफरमध्ये गाईड होती. शनिवारपासून पर्यटकांना सायकलवरून जंगल दाखवायचं होतं आणि गाईडनं सायकल आपली आणायची होती. वाटेत नाला आडवा येतो, त्यात गुडघाभर रेती. तिथं सायकलवर बसायचं नसतं, सायकलनं आपल्या खांद्यावर बसायचं असतं. तिनं दोन्ही उचलून पाहिल्या. जर्मनची एका हातानं वर आली. स्टीलची उचलताना तोंडातून आवाज निघाला. अल्ताफनं मात्र दोन्हींची बाजू सरळ मांडली. स्टीलची जड, पण दगडधोंड्यांवर हिचा झटका कमी बसतो आणि मोडली तर गावातला वेल्डिंगवालाही जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियमची हलकी, गंजत नाही, पण तडा गेला तर चिमुरात हिला कुणी हात लावणार नाही.

जोडून मिळते हे ऐकून रुखमाबाईंनी मान हलवली, आणि दिव्यानीच्या मनात पाल चुकचुकली.

कारण स्कूटी. गेल्या वर्षी दिव्यानीनं स्वतःच्या कमाईतून ती घेतली होती. धाकटा दीर प्रणित घुग्घुसच्या खाणीत पाळीवर जातो, त्यानं ती दोन दिवसांसाठी नेली. ती अजून तिकडंच आहे आणि कोळशाच्या धुळीत तिचा रंगही ओळखू येत नाही. विषय काढला की घरात सगळ्यांचं एकच वाक्य, घरातच तर आहे. नवरा तेच म्हणाला, सासरे तेच म्हणाले. रुखमाबाई काहीच बोलल्या नाहीत, तांदूळ निवडत राहिल्या. दिव्यानीला तेच सगळ्यात जास्त लागलं होतं. आणि परवाच प्रणितनं फोनवर चौकशी केली होती, की नव्या सायकलला मागं कॅरिअर बसेल का. मग ही दणकट, पोतं पेलणारी, मोडली तरी जोडता येणारी सायकल कुणासाठी पसंत केली जात होती, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

या खेपेला ती गप्प बसली नाही.

"आई, चालवणार मी आहो, उचलणार बी मीच. मले जर्मनचीच पाह्यजे."

रुखमाबाई चिडल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम पडला.

"जर्मनवर कोणी नाव टाकते का, माय?"

मग त्यांनी सांगितलं. लग्नात त्यांच्या आईनं स्टीलचा गुंड दिला होता, पाणी भरायचा. घाईत त्यावर नाव कोरून टाकायचं राहून गेलं. वाटणीत तो मोठ्या जावेकडं गेला. नावच नाही, तर माझा म्हणून सांगायचं कसं? तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते, घरातच तर आहे. दिव्यानीला आठवलं, दर दिवाळीला त्या मोठ्या जावेच्या घरी गेलं की सासूबाई एक गुंड स्वतः घासायला घेतात आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. तिला तो स्वच्छतेचा सोस वाटायचा. स्कूटीच्या कागदांवर माझं नाव होतं की, ती हळूच म्हणाली. कागद पेटीत राहतात आणि गाडी रस्त्यावर फिरते, असं रुखमाबाईंचं म्हणणं पडलं. वर्षभर तिनं या बाईवर राग धरला होता.

अल्ताफनं शेजारच्या भांड्यांच्या दुकानात हाक दिली. गुलाम रसूलभाई नाव टाकायची मशीन घेऊन, मागं लांबलचक वायर ओढत आले. त्यांनी दांड्यावरून बोट फिरवलं आणि हसले. जर्मनवर तर उलट सोपं जातं, म्हणाले, मऊ असतं. लोकांना त्याची किंमत वाटत नाही म्हणून कुणी टाकत नाही. रंग खराब होईल म्हणून अल्ताफ कळवळत होता, पण त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. रुखमाबाईंनी जर्मनची सायकल एका हातानं उचलून पाहिली, आणि त्यांची कळी खुलली.

काय लिहायचं, गुलाम रसूलभाईंनी विचारलं. सौभाग्यवती, मग नवऱ्याचं नाव, आडनाव, तारीख, असं सगळं नेहमीचं ना? नुसतं दिव्यानी, असं रुखमाबाई म्हणाल्या. गुलाम रसूलभाईंनी दांड्याच्या मधोमध सुई टेकवली, तसा रुखमाबाईंनी त्यांचा हात धरून पार टोकाशी नेला.

"इथून तिथवर मोठी मोठी अक्षरं काढा, भाऊ. जागा सोडली का घरचे आपलं नाव टाकतात."