संत्र्याऐवजी जर्दाळू

संत्र्याच्या लिकरची बाटली तिने पुन्हा उलटी धरली. दोन थेंब आले, तेही मोठ्या मिनतवारीने. दुपारी पुरवठादाराने आणून टाकलेल्या खोक्यात संत्र्याचं लिकर नव्हतंच. त्याऐवजी जर्दाळूचं पाठवून तो मोकळा झाला होता.

आणि आता कुठल्याही क्षणी सासरे येऊन काउंटरपुढच्या उंच स्टुलावर बसणार होते. बार त्यांचा. काउंटर कुणाच्या हाती सोपवायचा हे ते आज ठरवणार होते. लग्न होऊन आल्यापासून सून या काउंटरमागे उभी होती, तरी बाटल्या हवेत फेकून झेलणारा बाहेरचा एक बारटेंडर त्यांच्या डोळ्यांत भरला होता. त्याने काल आपली झेलाझेली करून दाखवली. आज सुनेने बारचं खास कॉकटेल करून द्यायचं होतं.

लिकर बदलायला ती घाबरणारी नव्हती. संत्र्याचं कमी गोड, जरासं कडसर. जर्दाळूचं गोडमिट्ट. म्हणजे लिंबू वाढवायचं आणि साखरेचा पाक अजिबात घालायचा नाही. अडचण वेगळीच होती. हिवाळ्यातल्या तापात तिची चव गेली होती. ताप उतरला, चव काही परत आली नाही. कॉफी काय आणि गरम पाणी काय, तिला सारखंच. आज सकाळी टूथपेस्ट जिभेला झोंबल्यासारखी वाटली, पण असे भास तिला आधीही झाले होते.

हे फक्त नणंदेला ठाऊक होतं. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. रोज नणंद प्रत्येक शेकरमधलं चमचाभर चाखायची आणि भुवयांनी सांगायची. उजवी उडाली तर लिंबू कमी, डावी उडाली तर गोड जास्त, दोन्ही उडाल्या तर बिनधास्त पाठव. नणंदेची जीभ सुनेच्या कामी इतकी आल्याचं दुसरं उदाहरण त्या घराण्यात नसावं.

दार ढकलून नणंद आत आली. गालाला रुमाल, ओठ एका बाजूला लोंबलेला.

"वहिनी, दाढ काढली," ती कशीबशी म्हणाली. "सहनच होईना गं. सगळं तोंड बधिर झालंय. मिरची खाल्ली तरी कळायची नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींत मिळून एक धड जीभ नव्हती.

तेवढ्यात सासरे आले. स्टुलावर बसले, नवी बाटली पाहिली. सुनेने शेकर पुढे ओढला. ब्रँडी ओतली, मग जर्दाळूचं लिकर. लिंबू नेहमीपेक्षा जास्त पिळलं. पाक घालायचा नाही, पाक घालायचा नाही, असं ती मनात घोकत होती.

"आईची तब्येत कशी आहे तुझ्या?" सासऱ्यांनी मध्येच विचारलं.

"बरी आहे, बाबा. आता घरातल्या घरात फिरते."

बोलता बोलता हात आपलं काम करत राहिले. शेकर बंद झाला, बर्फ खडखडला, ग्लास भरला. तिने तो सासऱ्यांपुढे ठेवला.

त्यांनी घोट घेतला. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मग त्यांनी ग्लास तिच्याकडे सरकवला.

"तूच सांग. कसं झालंय?"

इतके महिने ती याच प्रश्नाला भीत होती. तिने सवयीने नणंदेकडे पाहिलं. नणंदेच्या भुवया जागच्या हलल्या नाहीत, बिचारी सांगणार तरी काय? मस्त झालंय म्हणून मोकळं व्हायचं, असं ठरवून तिने ग्लास तोंडाला लावला. खरं बोलायचा तिचा अजिबात बेत नव्हता.

"गोड झालंय," ती म्हणाली. मग थांबली. "फार गोड झालंय. माझ्या हातून पाक पडलाय."

नणंदेच्या हातातला रुमाल खाली पडला.

"झालंच आहे गोड," सासरे म्हणाले. "पहिल्या घोटाला कळलं मला. काल त्या झेलवाल्याचंही बिघडलं होतं, पण तो म्हणाला फक्कड. तू निदान कबूल तरी केलंस." त्यांनी खिशातून काउंटरची चावी काढून तिच्यापुढे ठेवली. "घे. आजपासून तू बघ."

नणंद वाकड्या तोंडाने हसत होती आणि रडतही होती.

"चावी तिला मिळाली, तू का रडतेस?" सासऱ्यांनी विचारलं. मग सुनेकडे वळून म्हणाले, "आणि ते ओतून टाक आधी. बिघडलंय."

"एक थेंबही ओतणार नाही, बाबा."

चावी होती तिथेच राहिली. सुनेने ग्लास दोन्ही हातांत घट्ट धरला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती घोटामागून घोट घेत होती. आधी गोड लागत होतं, मग आंबट, आणि अगदी शेवटी जर्दाळू.